गिअरबॉक्स उतरवण्याआधी गळती कुठून आहे ते ठरवा

प्रश्न : माझ्याकडे 2017 ची डिझेल एसयूव्ही आहे, 6 स्पीड ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली. घर सातारला शाहूनगरमध्ये, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. गाडी नाक खाली करून लावतो. पाऊस उघडल्यापासून सकाळी गाडीखाली तळहाताएवढा लालसर डाग दिसतो. गेल्या आठवड्यापासून सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंदांनी गिअर लागतो. केळघर घाटात वळणावर दोनदा इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी ओढलीच नाही. एका गॅरेजमध्ये सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून पुढचं सील बदलावं लागेल. दुसरीकडे म्हणाले, गळती थांबवायचं औषध टाका, काम होईल. गिअरबॉक्सची डिपस्टिक शोधली, ती सापडली नाही. पुढच्या आठवड्यात आई-वडिलांना महाबळेश्वरला न्यायचं आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

महाबळेश्वरला दुसऱ्या गाडीने जा. ऑइलची पातळी तपासून भरून घेईपर्यंत ही गाडी कुठल्याच घाटात घालू नका, यवतेश्वरच्याही नाही. गळतीपेक्षा तुम्ही सांगितलेली दुसरी लक्षणं जास्त गंभीर आहेत. घाटाच्या वळणावर गिअरबॉक्समधलं ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी नीट असेल तर काही बिघडत नाही. कमी असेल तर गाळणीचं तोंड क्षणभर उघडं पडतं, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, फेस होतो आणि दाब पडतो. क्लच प्लेट घट्ट दाबल्या जात नाहीत, त्या घसरतात. इंजिन ओरडलं आणि गाडी ओढली नाही, ते याच वेळी. असं घसरणं काही वेळा झालं की प्लेटचं अस्तर जळायला लागतं. मग सील किंवा होज बदलून भागत नाही, आख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. सकाळचा उशीरही बहुतेक त्याच कारणाचा आहे. रात्रभरात कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या ऑइलभरल्या भांड्यातलं ऑइल खाली उतरतं, सकाळी पंपाला ते पुन्हा भरावं लागतं. शिवाय रिव्हर्सला बहुतेक गिअरबॉक्समध्ये जास्त दाब लागतो, म्हणून कमतरता तिथे आधी जाणवते.

आता त्या दोन सल्ल्यांविषयी. दोघांपैकी कुणीही गळती कुठून आहे ते पाहिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पुढचं सील, म्हणजे कन्व्हर्टर जिथे गिअरबॉक्सच्या पंपात शिरतो तिथलं सील, गेलेलं असूही शकेल. पण ते बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि गळती जर ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या होजची किंवा चाकांकडे जाणाऱ्या एक्सलच्या सीलची निघाली, तर एवढा खर्च करूनही डाग तसाच राहील. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं समजू नका. ऑइल उतरणीच्या बाजूने ओघळतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे फेकलं जातं, आणि खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर साचून भलत्याच भोकातून ठिबकतं.

आधी ते ट्रान्समिशनचंच ऑइल आहे का, याची खात्री करा. एक-दोन रात्री गाडी सपाट जागी लावा. नाक खाली असताना सगळं ओघळून पुढे येतं आणि मागची गळतीही रेडिएटरखाली दिसते. गाडीखाली पांढऱ्या बाजूचा मोठा पुठ्ठा पसरा, त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आणि पुढची दिशा पेनाने आखून ठेवा. आडवं इंजिन असलेल्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या बाजूला, म्हणजे क्लीनर साइडला असतो. एसीचं पाणीही त्याच बाजूला पडतं, पण ते बिनरंगी असतं आणि वाळल्यावर डाग राहत नाही. डिझेल इंजिनचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. ट्रान्समिशनचं ऑइल नवं असताना सहसा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. ते पातळ आणि बुळबुळीत असतं.

लाल रंगावर मात्र विसंबू नका, कारण काही कूलंटही लाल किंवा गुलाबी असतात. वाटीभर पाण्यात थेंब टाका. कूलंट पाण्यात मिसळून जाईल, ऑइल वर तरंगेल. तुमच्या भागात आणखी एक घोटाळा होतो. कास-बामणोलीकडे जाऊन आलेल्या गाडीच्या पोटाला जांभ्याचा लाल चिखल बसतो आणि तो ओला झाला की लालसर पाणी गळतं. बोटावर चोळून पाहा, चिखल खरखरीत लागतो. तुमची गाडी हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची असेल तर त्याचंही ऑइल कधी कधी लालच असतं, तेव्हा बॉनेट उघडून त्या डब्याची पातळी पाहून घ्या. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर हा संशयित बाद.

पुठ्ठ्याचा दुसरा उपयोग म्हणजे गळतीचं माप मिळतं. पुठ्ठ्यावर एक उथळ ट्रे ठेवा आणि तो रात्री व सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. हे ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, 10 ग्रॅम वाढले तर साधारण 12 मिलिलिटर गळलं असं धरा. हा आकडा लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर पडताळायला तो लागेल. पण हे फक्त उभ्या गाडीचं माप आहे. काही गळती इंजिन चालू असतानाच होतात आणि त्या ट्रेमध्ये कधीच दिसत नाहीत.

किंबहुना गळती केव्हा होते, हाच शोधाचा सगळ्यात चांगला धागा आहे. फक्त इंजिन चालू असताना ऑइल येत असेल तर दाबाखालच्या जागा पाहायच्या : कूलरकडे जाणाऱ्या नळ्या, त्यांची रबरी होज, जोड, आणि पुढचं पंपाचं सील. फक्त रात्री उभी असताना येत असेल तर कारण वेगळं. कन्व्हर्टर रिकामा होतो तसतशी गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरमधली (ऑइल साठतं त्या भांड्यातली) पातळी नेहमीपेक्षा वर चढते, आणि एरवी पातळीच्या वर असणारी एखादी ओ-रिंग (रबराची गोल कडी) किंवा शिफ्ट लिव्हरच्या दांड्याचं सील बुडतं. ते कडक झालेलं असेल तर तिथून पाझर सुरू होतो. दोन्ही वेळेला येत असेल तर चेंबरचा जोड, ड्रेन प्लग, एक्सल सील यांच्याकडे आधी बघावं.

प्रत्यक्ष शोध गाडी वर उचलूनच होतो. गॅरेजमध्ये लिफ्ट किंवा पिट असेल तर उत्तम. घरी करायचं तर सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना अडण्या लावून, पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. खालचं प्लास्टिक कव्हर पूर्ण काढा. ते लावूनच केलेली तपासणी म्हणजे नुसता अंदाज. कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइल कुठे साचलंय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, मग कव्हर पुसून बाजूला ठेवा.

आता धुलाई. जुन्या चिकट थरावर नवी गळती दिसत नाही, म्हणून गिअरबॉक्स, नळ्या आणि एक्सलची आतली टोकं कोरडी होईपर्यंत साफ करायची. गिअरबॉक्स थंड असताना डीग्रीजर मारा, ब्रशने घासा, फडक्याने पुसा, आणि शेवटी धातूच्या भागांवर ब्रेक क्लीनर वापरा. रबरी होज, एक्सलचे बूट (रबरी आवरणं) आणि वायरिंगच्या सॉकेटवर ब्रेक क्लीनर नको. डिझेलने धुण्याची आपल्याकडे सवय आहे, पण डिझेलचा तेलकट थर मागे राहतो आणि तो गळतीसारखाच दिसतो. पेट्रोलचं तर नावच काढू नका. प्रेशर वॉशर मारायचा असेल तर गिअरबॉक्सच्या वर असलेली ब्रीदरची (हवा बाहेर जायच्या छिद्राची) टोपी वाचवा, तिथून आत पाणी गेलं तर नवाच आजार. सगळं वाळलं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर हलकी भुरभुरवा. पांढऱ्या थरावर लाल ओघळ कुठून सुरू झाला ते उघड दिसतं.

मग टप्प्याटप्प्याने पाहायचं. गाडी पी मध्ये ठेवून 10-15 मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करा, टॉर्च घेऊन पाहा. काही दिसलं नाही तर हँडब्रेक ओढून, फूटब्रेक दाबून, सिलेक्टर पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवत फिरवा. या वेळी गाडी चारही चाकांवर जमिनीवर हवी आणि खाली किंवा समोर कुणीही नको. तरीही कोरडं असेल तर, पातळी भरून घेतल्यानंतरच, शहराच्या सपाट रस्त्यावर 10-15 किलोमीटर फिरवून आणा. शेवटचा टप्पा रात्रभर उभी ठेवण्याचा. प्रत्येक टप्प्यानंतर ओलावा दिसला की बोट वर वर न्यायचं आणि सगळ्यात वरची व सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. त्याच्या वर आणि पुढे कोरडं असेल, तर गळती तिथेच.

एवढं करूनही कळलं नाही तर यूव्ही डाय. ट्रान्समिशन ऑइलसाठी बनवलेला डाय बाटलीवर दिलेल्या प्रमाणात टाकतात, गाडी चालवतात आणि अंधारात यूव्ही टॉर्चने पाहतात. डाय पिवळा-हिरवा चमकतो. तुमच्या गाडीत डिपस्टिक नाही, म्हणजे तो भरायच्या प्लगमधूनच टाकावा लागेल. हे काम गॅरेजवरच करून घ्या.

अशा गाडीत मी संशयितांचा क्रम कसा लावीन ते सांगतो. सगळ्यात आधी कूलरची होज. गिअरबॉक्समधून गरम ऑइल पुढे रेडिएटरजवळच्या कूलरकडे जातं आणि थंड होऊन परत येतं. धातूची नळी आणि रबरी होज जिथे दाबून जोडलेली असते, तिथे आणि क्लिपखाली, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं. होज बोटांनी वाकवून पाहा, बारीक चिरा दिसल्या तर ती संपली. इथली गळती नेमकी गाडीच्या पुढच्या भागात असते, म्हणून वाऱ्याने ऑइल मागे जाऊन सगळं चेंबर ओलं करतं आणि माणूस चेंबरचं पॅकिंग बदलून बसतो. क्लिप आणखी आवळली तर रबर कापलं जातं, म्हणून आवळत बसू नका. होज बदलताना ट्रान्समिशन ऑइल आणि उष्णता सोसणारीच हवी. पाण्याची होज इथे चालत नाही, ती फुगते आणि सुटते.

दुसरा क्रमांक एक्सल सीलचा. इथे ओलावा एक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो त्या गोलाईच्या खाली असतो, आणि फिरत्या एक्सलने ऑइल गोल फेकल्यासारखे शिंतोडे आजूबाजूला दिसतात. एक्सलचा बूट फाटला की बाहेर येतं ते घट्ट काळं ग्रीस, पातळ ऑइल नव्हे, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. गेल्या वर्षभरात सस्पेन्शनच्या किंवा दुसऱ्या कामासाठी एक्सल काढला होता का, ते आठवा. परत बसवताना एक्सलच्या दातांनी सीलची कड कापली जाते. नवं सील ठोकण्याआधी एक्सल हाताने वर-खाली हलवून बघायला सांगा. प्ले (ढिलेपणा) जास्त असेल किंवा एक्सलवर सीलच्या जागी खाच पडली असेल, तर नुसतं नवं सील फार दिवस टिकणार नाही.

चेंबर किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब गिअरांना वाटणाऱ्या भागाच्या) कव्हरचा जोड, ड्रेन प्लग, वायरिंगच्या सॉकेटची ओ-रिंग, स्पीड सेन्सरची ओ-रिंग या जागा पाहायला सोप्या आहेत. ड्रेन प्लगचं वॉशर एकदाच वापरायचं असतं. मागे ऑइल बदललं असेल आणि वॉशर जुनंच असेल तर गळतीचं कारण एवढंसंही निघू शकतं. जोडाचे बोल्ट सैल वाटले तर ठरलेल्या टॉर्कनेच आवळायचे. जोरात आवळले की पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते.

ब्रीदरची गोष्ट वेगळी. वर साधं टोपीचं छिद्र असतं, तापलेली हवा तिथून बाहेर जाते. ते चिखलाने बुजलं तर आतला दाब चांगल्या सीलांमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. उलट मागे कुणी ऑइल जास्त भरलं असेल तर ते घुसळून फेसाळतं आणि ब्रीदरमधूनच उतू जातं. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला ओघळ दिसला तर सीलांना हात लावण्याआधी हे तपासा.

आणि शेवटी पुढचं सील. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या बेलहाउसिंगच्या तळाशी एक छिद्र किंवा फट असते. तिथून लाल किंवा तपकिरी पातळ ऑइल येत असेल, आणि वरून कुठूनही ओघळ येत नसेल, तर तुमच्या पहिल्या गॅरेजवाल्यांचं बरोबर आहे. तिथून काळं ऑइल येत असेल तर ते इंजिनच्या क्रँकच्या मागच्या सीलचं. काम तेवढंच मोठं, पण दोष वेगळा. म्हणून गिअरबॉक्स खाली घ्यायला होकार देण्याआधी एकच अट घाला : कव्हर काढून, साफ करून, इंजिन चालवून, त्या छिद्रातून येणारं ऑइल मला दाखवा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, टाकू नका. ती द्रव्यं रबर फुगवतात आणि मऊ करतात. कडक झालेल्या सीलचा पाझर त्याने काही काळ कमी होतो, हे खरं. पण चिरलेली होज, कापलेलं सील, वाकलेलं कव्हर यांना त्याचा उपयोग नाही, आणि गळती तात्पुरती लपली की पातळी हळूहळू उतरत राहते. तुमच्या गाडीत ती आधीच उतरल्याची लक्षणं आहेत.

पातळी तपासण्याचं काम उद्याच करून घ्या. सुरू होऊन रिव्हर्स-डी लागत असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू नेता येईल. गिअर घसरत असेल तर फ्लॅटबेडवर न्या; इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जात असेल तरच पुढची चाकं उचलून नेली तरी चालेल. ताकद मिळणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका, इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी अशी बघतात : गाडी लिफ्टवर अगदी सपाट, इंजिन चालू, स्कॅनरवर ऑइलचं तापमान ठरलेल्या मर्यादेत. ह्युंदाई-कियाच्या 6 स्पीड गिअरबॉक्समध्ये ही मर्यादा 50 ते 60 अंश सेल्सिअस असते, दुसऱ्या कंपन्यांची वेगळी असते. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलीच धरा. सिलेक्टर सगळ्या जागांवरून हळू फिरवून पी मध्ये आणायचा आणि पातळीचा प्लग उघडायचा. बारीक, सलग धार आली तर बरोबर. काहीच आलं नाही तर कमी, जोरात आलं तर जास्त. स्कॅनर न लावता, गरम-थंड न बघता प्लग उघडून “आहे बरोबर” असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे तापमान चुकलं की पातळीही चुकते. आणि उघडलेल्या प्लगचं वॉशर नवंच घाला.

किती ऑइल घालावं लागलं ते मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. अशा गिअरबॉक्समध्ये एकूण 6 ते 8 लिटर असतं, त्यातलं एक लिटरही कमी असलं तरी तुम्ही सांगितलेली लक्षणं दिसू शकतात. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच हवं. ह्युंदाईच्या त्या गिअरबॉक्सला एसपी-4 लागतं, टोयोटाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना डब्ल्यूएस, आणि सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) तर सगळंच निराळं. दुकानात “ऑटोमॅटिकचं लाल ऑइल द्या” म्हणून मिळेल ते घेऊ नका. काढलेल्या ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून बघा. रंग तपकिरी असला तरी चालेल, पण जळका वास येत असेल किंवा काळे कण राहत असतील तर क्लच जळायला सुरुवात झालेली आहे. मग गळतीच्या दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाला दाखवा. कूलंटच्या टाकीचं झाकणही थंड इंजिनावर उघडून पाहा. आत गुलाबी, दुधाळ चिकटा दिसला तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय, तेव्हा गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं की क्लचचं अस्तर सुटायला लागतं.

गिअरबॉक्स खरंच उतरवावा लागला, तर त्या एका मजुरीत होण्यासारखं सगळं करून घ्या : पुढचं (कन्व्हर्टरचं) सील, पंपाची ओ-रिंग, दोन्ही एक्सल सील, क्रँकचं मागचं सील ओलसर असेल तर तेही. सील ज्यावर बसतं ती कन्व्हर्टरची नळी नखाने चाचपून बघायला सांगा, खाच लागली तर नवं सीलही गळेल. पंपातला बुश झिजलेला असेल तर कन्व्हर्टर डगमगतो आणि सील पुन्हा जातं, म्हणून तोही तपासून घ्या. परत बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत गेला पाहिजे. बेलहाउसिंगच्या कडेपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली स्केलने मोजून मॅन्युअलशी ताडायची आणि मगच गिअरबॉक्स इंजिनला लावायचा. कन्व्हर्टर अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला की पंप फुटतो. हे मोजमाप तुमच्या समोर करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुरुस्ती कसलीही असो, प्लास्टिक कव्हर लगेच लावू नका. दोन दिवस गावात फिरवा, सपाट जागी पुठ्ठा आणि ट्रे पुन्हा ठेवा, ओलावा नसेल तर पातळी पुन्हा स्कॅनर लावून बघा, आणि मग कव्हर चढवा. त्यानंतरचा पहिला घाट यवतेश्वरचा घ्या. तो घराजवळ आहे, गडबड वाटली तर परत फिरता येतं.